पाच ते सातची शिट्टी

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते. शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून आयुष्य गेलं. त्यातलं निम्मं तोंडात शिट्टी धरून आणि उरलेलं निम्मं ओरडण्यात. आमच्या घरात अजूनही मी हाक मारली की लोक आधी उभे राहतात आणि मग काय झालं ते विचारतात. तर अशा बाईची शिट्टी एकदा तोंडातच अडकून बसली होती. ती कशी वाजली ते सांगते.

शहराच्या उत्तरेला, हर्सूलकडं जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडं, महापालिकेचं एक मैदान होतं. कागदावर स्टेडियम. म्हणजे एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्या, त्याही निम्म्या उखडलेल्या, समोर लोखंडी फाटक आणि मधे मोकळी माती. पार मागच्या कोपऱ्यात एक बोअर. आजूबाजूला शहर फुगत चाललं होतं. आज जिथं ज्वारी उभी दिसायची तिथं उद्या प्लॉटिंगचे दगड आणि परवा तीन मजले. मोकळी जागा म्हणून एवढं मैदान उरलं होतं आणि सगळ्यांचा डोळा त्याच्यावर. कुणाला तिथं प्रदर्शन भरवायचं असायचं, कुणाला लग्नाचा मांडव घालायचा असायचा.

तिथं खेळणारे आम्ही तिघं. क्रिकेटवाल्यांचे प्रमुख एक निवृत्त प्राध्यापक. सगळं गाव त्यांना सर म्हणायचं आणि मला वाटतं त्यांच्या घरचेही सरच म्हणत असावेत. फुटबॉलची पोरं जुन्या शहरातली, त्यांचे म्होरके एक चाचा. कापडाचं दुकान पुतण्याच्या गळ्यात टाकून सकाळ-संध्याकाळ मैदानावर. आणि तिसरी मी, मुलींचं खो-खो मंडळ घेऊन. तिघांनाही हवी ती संध्याकाळच. महापालिका म्हणायची, तुम्ही तिघं बसून वेळापत्रक ठरवा, आम्ही मंजूर करतो. आम्ही बसायचो, चहा प्यायचो, भांडायचो आणि उठायचो. वर्षानुवर्षं हेच. ज्याची पोरं आधी पोचतील त्याचं मैदान, असा कारभार.

सरांना आणि चाचांना संध्याकाळ सोयीची होती. मला तिच्यावाचून गत्यंतर नव्हतं. माझ्या पोरी शाळा सुटली की यायच्या आणि दिवेलागणीला घरात पाहिजे असायच्या. सकाळी त्यांना घरचं काम, दुपारी शाळा, अंधार पडल्यावर बाहेर थांबायचं नाही. राहिले किती, तर पाच ते सात. खो-खोला मैदानात नऊ जणी लागतात. आठ बसतात, एक पळते. दोघी-तिघी यायच्या बंद झाल्या की उरलेल्यांचाही खेळ मोडतो. आणि पोरींचं असं आहे की एक हंगाम खेळ सुटला की परत येत नाहीत. तेवढ्यात त्या 'मोठ्या' होतात. मी स्वतः कन्नडच्या बाजूची, शेतकऱ्याच्या घरातली. आमच्या शाळेचं मैदान एक वर्ष बंद होतं. माझ्याबरोबरच्या पोरींपैकी त्यानंतर मैदानावर आलेली मी एकटीच. बाकीच्यांच्या लग्नांत मी जेवून आले. त्यामुळे मैदान म्हणजे माझ्यासाठी शौक नव्हता.

मग ती दुष्काळाची वर्षं आली. हर्सूलच्या तलावात लोक आरपार चालत जायला लागले. नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी, तेही कधी येईल सांगता येत नाही. नव्या वस्त्यांना तर पाइपच नव्हते, त्यांचं सगळं टँकरवर. अशातच महापालिकेकडून निरोप आला, की पाण्याचं आणि मोकळ्या जागांचं काम बघणारे अभियंता साहेब मैदान बघायला येणार. मैदान खरंच वापरात आहे असं दिसलं तर क्लबांना लेखी वेळा मिळतील. नाही तर बघू.

त्या 'बघू'नं आम्हा तिघांना जी भीती घातली, तिच्यामुळं आम्ही आयुष्यात पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत केलं. मैदान असं करायचं की साहेब बघत राहिला पाहिजे. मैदानी खेळातल्या माणसाला पाहुणा येणार म्हटलं की एकच सुचतं. सामन्याच्या आधी आम्ही जे करतो तेच. पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेघा आखायच्या. आदल्या संध्याकाळपासून बोअर चालू केलं. सरांची पोरं, चाचांची पोरं, माझ्या पोरी, सगळ्यांनी मिळून नळी ओढली. सकाळी मैदान असं दिसत होतं की सांगता सोय नाही. ओल्या मातीवर पांढऱ्याशुभ्र रेघा, माझे खो-खोचे दोन खांब तेल लावून उभे. चाचा म्हणाले, "दुल्हन दिखरी."

साहेब जीपमधून उतरले. दोन पावलं टाकली आणि त्यांचा बूट चिखलात रुतला. त्यांनी बुटाकडं पाहिलं, मग मैदानाकडं पाहिलं, मग सावकाश विचारलं, "एवढं पाणी कुठून आणलं?"

आणि आमचे सर छाती पुढं काढून म्हणाले, "आपल्याच बोअरचं, साहेब. भर उन्हाळ्यात आटत नाही."

मी चाचांकडं बघितलं. चाचा आकाशाकडं बघत होते.

साहेबांनी ना खांब बघितले, ना रेघा. ते तडक कोपऱ्यातल्या बोअरकडं गेले. आठवडा संपायच्या आत तिथं मोठी काळी टाकी बसली, तिला खालून नळ लागले आणि टँकरची ये-जा सुरू झाली. इतक्या हौसेनं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलेली माणसं मी दुसरी पाहिली नाहीत. आजही साहेब येणार असला की आमच्या मैदानावर पाणी मारत नाहीत. नव्या पोरांना वाटतं काहीतरी श्रद्धा असेल.

तेव्हा मात्र हसू येत नव्हतं. बोअर मागच्या कोपऱ्यात, फाटक पुढं, म्हणजे टँकरची वाट बरोबर आमच्या खो-खोच्या आखलेल्या मैदानावरून. चाकांनी रेघा गेल्या, एका खांबाला धक्का लागून तो वाकला. संध्याकाळी आसपासच्या वस्त्यांतल्या बाया हंडे, कॅन, ड्रम घेऊन नळांपाशी यायच्या. माझ्या पोरीही यायच्या. पण खेळायला नाही, नंबर धरायला. आई कामावरून येईपर्यंत पोरीनं रांगेत उभं राहायचं.

त्यात माझी सगळ्यात चपळ पोरगी होती. तिचा पाठलाग म्हणजे, समोर पळणारीला कळायच्या आत हात पाठीवर. जिल्ह्याच्या निवडीसाठी मी तिच्यावर डोळा ठेवून होते. तीही रांगेत. तिची आई वाळूजच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायची, संध्याकाळी घामानं भिजलेली यायची. मी तिला म्हटलं, "ताई, पोरीला दोन तास सोडा. निवडीचे दिवस आहेत."

ती म्हणाली, "आन् पाणी कोन भरंल? तुम्ही?"

मला जास्तच राग आला. घरी गेले, भांडी आदळली, आणि पाणी आलं नव्हतं म्हणून ती तशीच राहिली.

थोड्याच दिवसांत बोअर संध्याकाळच्या वेळी खोकायला लागलं. आधी हवा, मग गढूळ पाणी, मग नुसती घरघर. हे मला नवीन नव्हतं. आमच्या मळ्यातली विहीर दुष्काळात अशीच करायची. मोटर थोडा वेळ चालवायची, मग बंद ठेवायची. वडील म्हणायचे, तिला दम खाऊ द्या. झऱ्यातून पाणी उतरायला वेळ लागतो. घाई केली की मोटर जळते आणि मग बसा बोंबलत. मला रस्त्यातच सुचलं आणि तिथून मी सरळ चाचांच्या दुकानात गेले. म्हटलं, "चाचा, बोअरला रोज विश्रांती द्यावीच लागणार. ती विश्रांती संध्याकाळी पाच ते सात मागायची. टँकर बंद, नळ बंद. तेवढं मैदान पोरींना."

चाचांनी कापडाचा गठ्ठा बाजूला सारला. "हौ, पन हमारा क्या?"

"तुम्ही सकाळी खेळा. तुमच्या पोरांना कोण अडवतंय?"

त्यांनी मीटरपट्टी गठ्ठ्यावर ठेवली. मग म्हणाले, "लडकियां अंधेरे में किधर जाएंगे. ठीक है बाई. सर को तुम बोलो. मेरेकु उनकी बात समझतीच नई."

सरांना मी काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. सरांचं म्हणणं, विश्रांतीचे तास म्हणजे सर्वांचे तास, आणि क्रिकेटची परंपरा जुनी. मी म्हटलं, "सर, भर उन्हाळ्यात आटत नाही असं कोण म्हणालं होतं?" माणूस वाईट नव्हता, नुसता तोंडाळ होता. शेवटी म्हणाले, "आम्ही रविवार आणि पहाट घेऊ. पण खेळपट्टीला पाणी?" मी म्हटलं, पाणी विसरा.

महापालिकेत बैठक झाली. साहेब, वॉर्डाचे नगरसेवक आणि आम्ही तिघं. पंखा चालू होता आणि गरम हवा खाली ढकलत होता. मी बोअरचं सांगितलं. साहेबांना ते पटलं, कारण मोटरची काळजी त्यांनाही होती. पण ते म्हणाले, "विश्रांती दुपारी देऊ. बारा ते दोन. तेव्हा उन्हाचं रांगेत कुणी नसतं."

"मैदानावरही कुणी नसतं, साहेब."

"मॅडम, लोक तहानलेले आहेत आणि तुम्हाला खेळ सुचतो?"

हे वाक्य मला लागलं. कारण ते खोटं नव्हतं. पण मी तिथं रडायला गेले नव्हते. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही दुपारी दम द्या, नाही तर संध्याकाळी, पाणी तेवढंच निघणार आहे. कुणाचा एक हंडा कमी होत नाही. सात वाजल्यापासून रात्री जोवर पाणी येतंय तोवर नळ चालू ठेवा. पण पाच ते सात गेले तर माझ्या पोरींचा खेळ कायमचा गेला. पाऊस पडेल तेव्हा पाणी परत येईल. त्या परत येणार नाहीत."

नगरसेवक म्हणाले, रांगेत भांडणं होतील, माझ्या गळ्याशी येईल. मी म्हटलं, रांग मी सांभाळते. रोज पाचला शिट्टी मारून नळ मी बंद करणार आणि सातला मीच उघडणार. साहेबांनी मग तीन अटी घातल्या. मैदानावर पाण्याचा थेंब मारायचा नाही. रांगेत तंटा झाला की परवानगी रद्द. आणि महिन्याभरानं ते स्वतः येऊन बघतील, जमत असेल तर लेखी देतील, नसेल तर दुपारची विश्रांती आणि संध्याकाळी टँकर. मी हो म्हटलं. सरांनी खेळपट्टीचा विचार करून एक सुस्कारा सोडला.

पहिल्या दिवशी मी पाचला शिट्टी मारली आणि अशा शिव्या खाल्ल्या की ज्याचं नाव ते. पोळ्या लाटणारी ताई सगळ्यात पुढं. "तुमच्या खेळापायी आमचे हंडे रिकामे का? चांगल्या शिकलेल्या बाई हायेत, अन् मनाला काय वाटत नाय?" मीही आवाज चढवणार होते. पण तंटा झाला तर परवानगी रद्द, हे आठवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी राग गिळला. तो चवीला फार वाईट असतो. मी एवढंच म्हटलं, "सात वाजता बघा, ताई. मग बोला."

सात वाजता नळ उघडला तेव्हा धार जाड आली आणि पाणी गढूळ नव्हतं. ताईनं तोंड वाकडं करून हंडा लावला.

तरी पोरगी रांगेतच. कारण नळ बंद असला तरी नंबर धरून ठेवावा लागायचा. हंडा ठेवून कुणी गेलं की दुसरी बाई तो पायानं मागं सरकवायची. यावर काय करावं म्हणून मी डोकं खाजवत होते, तर समोर आमच्या चुन्याची पिशवी. खो-खोत पोरी ज्या चौकोनांत बसतात ते आखायचा माझा हात बसलेला. मी नळापासून फाटकापर्यंत चुन्यानं चौकोन आखले आणि जाहीर केलं, एका चौकोनात एका घराचं भांडं. भांडं चौकोनात असेल तर नंबर पक्का, माणूस असो नसो. भांडं हललं तर जबाबदारी माझी, भांडायचं तर माझ्याशी भांडा.

बायांनी हसून घेतलं. एक म्हातारी म्हणाली, "हंड्यायला खो-खो शिकविती का काय बाई?" पण चार दिवसांत सवय लागली. बाया पायऱ्यांवर जाऊन बसायला लागल्या, कुणी मेथी निवडायची, कुणी नुसती पाय पसरून. आणि एक दिवस ती चपळ पोरगी हंडा चौकोनात ठेवून मैदानावर आली. ओढणी कमरेला बांधून. मी तिला बसायची जागा दाखवली. आईची परवानगी आहे का, हे मी मुद्दाम विचारलं नाही.

माती दगडासारखी झाली होती. पाणी मारलेल्या मैदानावर पोरी सूर मारतात, खांबाशी झेपावतात. इथं पडलं की कातडी सोलायची. मी सूर मारायला बंदी घातली आणि पोरींनी ती पाळली नाही. तोंडाला रुमाल बांधून धुळीत खेळायच्या, घरी जाताना सगळ्यांचे केस एकाच रंगाचे. सरांच्या खेळपट्टीला भेगा पडल्या. पहाटे ते तिथं उभे राहून एखाद्या आजारी नातेवाइकाकडं बघावं तसे बघत राहायचे. पण एक थेंब त्यांनी मारला नाही, हे मी कबूल करते.

महिना झाला आणि साहेब येणार तो दिवस आला. त्या दिवशी सगळंच उलटं. दुपारी वीज गेली होती, त्यामुळं बोअर चाललंच नव्हतं. टाकी भरायला उशीर झाला आणि रांग फाटकाबाहेर गेली. साडेचारला नळ उघडले. वस्तीत बऱ्याच दिवसांत पाणी आलं नव्हतं, बायांच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. साहेब आणि नगरसेवक पायऱ्यांपाशी उभे. मैदानावर माझ्या आठ पोरी चौकोनांत बसलेल्या, एकीचं तोंड इकडं, एकीचं तिकडं, नववी खांबाशी तयार.

साहेबांनी घड्याळ बघितलं. मीही बघितलं. पाचला मिनिटभर उरलं होतं.

नळाशी नंबर आला होता पोळ्या लाटणाऱ्या ताईचा. तिनं हंडा नुकताच तोटीखाली धरला होता, तळ ओला झाला असेल नसेल. अंगावर कंपनीतला पिठानं पांढरा झालेला ॲप्रन तसाच. थेट कामावरून आली होती.

पाच वाजले. शिट्टी माझ्या ओठांत होती. मारली असती आणि ताईनं तोंड सोडलं असतं तर तंटा. मारली नसती तर साहेबांना दिसलं असतं की ही बाई बोलते एक आणि करते एक. दोन्हीकडून पोरींचं मैदान जात होतं. पण खरं सांगायचं तर मी हा हिशेब करत नव्हते. मला त्या हंड्यावरून नजर हलवता येत नव्हती. एवढे दिवस मी बिनदिक्कत शिट्टी मारली होती. पण त्या घटकेला माझ्याच्यानं फुंकर सुटेना.

ताईनं माझ्याकडं पाहिलं. मग मान वळवून मैदानाकडं पाहिलं. तिसऱ्या चौकोनात तिची पोरगी बसली होती, दोन्ही हात जमिनीला टेकून, मागून खो मिळण्याची वाट बघत. आपली आई नळाशी आहे याचा तिला पत्ताही नव्हता.

ताईनं हात पुढं केला आणि नळ स्वतः बंद केला. मागं रांगेत कुजबुज झाली. ती मागं वळून म्हणाली, "गप ऱ्हावा. हाय तसंच ऱ्हाईल आपलं पाणी." मग हंडा उचलून पहिल्या चौकोनात नीट मधोमध ठेवला आणि मला म्हणाली, "बाई, पाच वाजले. शिट्टी मारा."

मी शिट्टी मारली. कशी वाजली कोण जाणे, पोरी म्हणतात भलतीच फाटली होती.

साहेबांनी लेखी दिलं. पुढं पाऊस झाला, टाकी गेली, पाच ते सात राहिले. आता तिथं साहेब बदलले, सर राहिले नाहीत, चाचांचा नातू फुटबॉल शिकवतो. नवीन कुणी ती वेळ मागायला आलं की त्याला तो कागद दाखवतात. मला मात्र कागद आठवत नाही. मला ती संध्याकाळ आठवते. सात वाजेपर्यंत चुन्याच्या चौकोनात रिकामा हंडा, पायऱ्यांवर पिठाच्या ॲप्रनमध्ये बसलेली ताई, आणि तिची पोरगी पळत असताना पहिल्यांदाच तिनं मारलेली हाक, "पळ गं, पळ."